वऱ्हाडचा उन्हाळा आणि घरचे शीतकपाट

सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन या नद्यांच्या परिसरात वसलेले अचलपूर हे वऱ्हाडची जुनी राजधानी होय. सन १४९० च्या सुमारास इमादशाहीची स्थापना झाली, तेव्हा एलिचपूर या नावाने ओळखले जाणारे हे नगर त्या राज्याचे मुख्य ठाणे बनले. नगराबाहेर हौज कटोरा ही सुलतानी काळातील वास्तू अद्याप उभी आहे. गोल तलावाच्या मध्यभागी बांधलेला हा अष्टकोनी मनोरा पाहिला म्हणजे येथील उन्हाळ्याने राज्यकर्त्यांनाही किती सतावले असेल याची कल्पना येते. इंग्रजी अमदानीत छावणीतील अधिकारी चैत्र सरता सरता चिखलदऱ्याचा घाट चढू लागत. सामान्य रयतेच्या वाट्याला मात्र वाळ्याचे ताटवे, ओसरीवरचा माठ आणि दुपारची लावलेली दारे एवढाच गारवा येई.

आज अचलपूर आणि परतवाडा या जोडशहरांत, एवढेच नव्हे तर पथ्रोटसारख्या गावांतही, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शीतकपाट दिसते. बोलीभाषेत त्याला सर्वजण फ्रीजच म्हणतात. गोदरेज कंपनीने १९५८ साली भारतात घरगुती फ्रीज बनविण्यास प्रारंभ केला, तेव्हा ही वस्तू श्रीमंतीची खूण समजली जात असे. पुढे ती लग्नाच्या रुखवताशेजारी मांडली जाऊ लागली आणि आता तर ती गरजेची वस्तू ठरली आहे. परंतु घरात आलेल्या या यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते, ती बहुधा दुकानदाराच्या पावतीसोबत कपाटात जाते व पुन्हा उघडली जात नाही. शिवाय ती पुस्तिका साऱ्या देशासाठी छापलेली असते. वऱ्हाडातील वैशाखाचा विचार तिच्यात क्वचितच आढळतो.

उष्णता उपसणारे यंत्र

फ्रीज थंडी निर्माण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो आतील उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीवरची मोट जसे पाणी वर आणून थारोळ्यात ओतते, तसेच हे काम आहे. आतल्या नळ्यांतून फिरणारा शीतकारक वायू अन्नातील उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून अधिक तापवितो आणि पाठीमागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतून ती उष्णता खोलीतील हवेत सोडली जाते. फ्रीजच्या बाजूस हात लावला असता तो तापलेला लागतो, त्याचे कारण हेच. त्या तापण्याने घाबरून जाण्याचे कारण नाही; उलट यंत्र चालू असूनही ती बाजू मुळीच तापत नसेल तर कारागिरास बोलावणे योग्य.

उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. खोलीतील हवा २५ अंश सेल्सिअस असेल, तर मागच्या नळ्यांनी आपली उष्णता सहज सोडावी. परंतु पत्र्याच्या छपराखालील स्वयंपाकघरात दुपारी पारा ४२-४३ अंशांवर गेला म्हणजे त्या नळ्यांना त्याहूनही दहा-पंधरा अंश अधिक तापावे लागते. तेव्हा कुठे उष्णता बाहेर पडते. कॉम्प्रेसर मग थांबतच नाही. वीज अधिक लागते, यंत्र झिजते आणि एवढे होऊनही आतील तापमान हवे तेवढे उतरत नाही.

घरगुती फ्रीजचे हवामानानुसार वर्ग ठरलेले असतात व वर्गदर्शक अक्षर आतल्या बाजूस चिकटविलेल्या पट्टीवर छापलेले असते. ‘एन’ वर्गाचे यंत्र ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ वर्गाचे ३८ अंशांपर्यंत आणि ‘टी’ म्हणजे उष्ण कटिबंधीय वर्गाचे ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आखलेले असते. अमरावती व अकोला जिल्ह्यांत मे महिन्यात बाहेरील तापमान ४५ अंशांवर जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. म्हणजे सर्वांत वरच्या वर्गाची मर्यादाही येथे काही दिवस ओलांडली जाते. खरेदी करताना रंग, दाराची नक्षी व तारांकन पाहिले जाते. हे एक अक्षर मात्र कोणी पाहत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ साली सुरू केलेली तारांकनाची पद्धत उपयुक्त आहेच. तथापि त्या पट्टीवरील वीजवापराचा आकडा ठरावीक तापमानाच्या चाचणीखोलीतला असतो. वऱ्हाडी स्वयंपाकघरात प्रत्यक्ष बिल त्याहून जास्त येणार, हे धरून चालावे.

या यंत्राचा स्वभाव समजला की जागेची निवड सोपी होते. चुलीशेजारी, गॅसच्या शेगडीला लागून किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटवून फ्रीज ठेवू नये. मागे सुमारे वीतभर आणि बाजूंना चार बोटे मोकळी जागा असावी, वरच्या बाजूसही हवा खेळती राहावी. फ्रीज नवा दिसावा म्हणून त्याला डोक्यापासून पायापर्यंत कापडी अभ्रा शिवण्याची हौस अनेक घरांत आढळते. वैशाखात माणसाला घोंगडी पांघरावी, तसाच हा प्रकार आहे. ज्या फ्रीजच्या नळ्या मागे उघड्या दिसतात, त्यांच्यावर कापूस पिकविणाऱ्या या मुलखात धूळ व तंतू यांचे पांघरूण लवकर चढते. दर दोन-तीन महिन्यांनी, विशेषतः होळीच्या सुमारास, प्लग काढून मऊ ब्रशने त्या झाडून घेतल्यास कॉम्प्रेसरचे आयुष्य वाढते. ज्या फ्रीजच्या नळ्या बाजूंच्या पत्र्याआड असतात, तेथे झाडण्याजोगे काही नसते; तेथे मोकळी हवा हीच देखभाल.

माठाचे काम माठाला

उन्हाळ्यात वऱ्हाडी घरातील फ्रीजचे दार दिवसातून किती वेळा उघडते, हे एकदा मोजून पाहावे. बहुतेक वेळा ते पाण्याच्या बाटलीसाठी उघडलेले असते. दहा लिटर पाणी ३८ अंशांवरून ८ अंशांवर आणावयाचे तर सुमारे १,२५० किलोज्यूल उष्णता उपसावी लागते. एवढ्या उष्णतेत पावणेचार किलो बर्फ वितळून जाईल. हा सारा भार ज्या वेळी खोली सर्वाधिक तापलेली असते त्याच वेळी यंत्रावर पडतो आणि दुधाचे पातेले, रात्रीची भाजी, लहान मुलाचे औषध यांच्या वाट्याची थंडी पाण्याच्या बाटल्या खाऊन टाकतात.

वास्तविक पाण्यासाठी या प्रदेशात अधिक चांगली सोय पूर्वापार आहे. वऱ्हाडचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा आहे. हवा ४५ अंशांवर असून तिच्यात ओलावा पंधरा टक्क्यांच्या आसपास असेल, तर सावलीत व वाऱ्यावर ठेवलेल्या माठाचे पाणी बाष्पीभवनामुळे चोवीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरू शकते. तहान भागविण्यास एवढा गारवा पुरेसा असतो. विजेचा एक पैसाही त्यास लागत नाही. कोकणातील दमट हवेत माठाला हे साधत नाही. वऱ्हाडाला लाभलेली ही सवलत आहे. ज्या घरांनी फ्रीज आल्यावर माठ अडगळीत टाकला, त्यांनी तो पुन्हा तिवईवर मांडावा. पाणी माठात आणि अन्न फ्रीजमध्ये, अशी कामाची वाटणी केली तर दार उघडण्याची संख्या निम्म्याने घटते व आतील तापमान स्थिर राहते. माठ मात्र नित्य घासलेला, झाकलेला व ओगराळ्याने पाणी काढण्याचा असावा.

हाच कोरडेपणा स्वयंपाकातही उपयोगी पडतो. एक लिटर दूध उकळून ८० अंशांवर असतानाच आत ठेवले तर फ्रीजला ७५ अंशांची उष्णता काढावी लागते. तेच ३५ अंशांपर्यंत निववून ठेवले तर ३० अंशांची. म्हणजे गरम पातेल्यामुळे यंत्राला अडीचपट काम पडते आणि शेजारचे थंड अन्न कोमट होते ते वेगळेच. यावर उपाय म्हणून पातेले परातीतील पाण्यात ठेवावे, भोवती ओले फडके गुंडाळावे, भाजी-वरण पसरट भांड्यात काढावे. निवण्यासाठी अन्न रात्रभर ओट्यावर ठेवून देणे हा उपाय नव्हे. शिजविलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू नये असा सर्वसाधारण दंडक आहे आणि हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असल्यास ही मर्यादा एका तासावर येते. वऱ्हाडात फाल्गुनापासून मृगापर्यंत एक तासच धरावा.

वीज, ओल आणि अर्थिंग

उन्हाळ्यात कूलरचा विजेचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भातील वृत्तपत्रांतून दरवर्षी येतात. फ्रीजच्या बाबतीत धोका तोच असतो, परंतु तो कमी ओळखला जातो. पत्र्याचे शरीर, आत ओल, खाली नुकतीच पुसलेली फरशी आणि अनवाणी पाय एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की वायरचे आवरण एखाद्या ठिकाणी खरवडलेले असणे पुरेसे ठरते. दाराच्या मुठीला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर तो यंत्राचा खट्याळपणा समजून हसण्यावारी नेऊ नये. प्लग काढण्यापूर्वी घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि परवानाधारक तारतंत्री येईपर्यंत फ्रीज चालू करू नये.

तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन ही अर्थिंगची. भिंतीत दोनच छिद्रांचे सॉकेट आहे म्हणून ती पिन मोडून काढणे किंवा मधे दोन पिनांची जोडणी लावणे हे अपघाताला आमंत्रण आहे. पिन शाबूत असूनही तिच्यामागे अर्थिंग आहेच, असे नाही. अनेक जुन्या घरांत तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. जेथे असते तेथेही अंगणातील मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो. काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांमुळे अर्थिंगच्या सळईचा मातीशी असलेला संबंध सुटतो. म्हणून मार्च ते जून या काळात त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी टाकण्याची शिस्त घरोघरी असावी. मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविल्यास शरीरातून वीज वाहू लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. ग्रामपंचायत कार्यालय, शाळा व अंगणवाडी येथे तर तो बसविण्यात विलंब होऊ नये.

फ्रीज आणि कूलर एकाच वाढीव बोर्डावर लावणे हा वऱ्हाडातील खास दोष म्हणावा लागेल. दोन्ही यंत्रे सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह खेचतात. बोर्ड तापतो, त्यावर कूलरचे तुषार उडत असतात आणि बोर्ड बहुधा जमिनीवरच पडलेला असतो. फ्रीजला भिंतीतील स्वतंत्र सॉकेट असावे व कूलर त्याच्यापासून दूर असावा.

विजेचा दाब कमी झाल्यास कॉम्प्रेसर सुरू होण्याची धडपड करतो, घुमतो आणि टक् असा आवाज करून बंद पडतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कृषिपंपांच्या हंगामात खेड्यापाड्यांत हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. असे वारंवार होऊ लागल्यास फ्रीज बंद ठेवणे शहाणपणाचे, अन्यथा मोटारीचे वेटोळे जळते. जुन्या पद्धतीच्या फ्रीजला योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा. अलीकडील काही फ्रीज विजेच्या दाबातील मोठा चढउतार सहन करतात. परंतु ती मर्यादा किती व्होल्टची आहे हे पट्टीवर वाचून घ्यावे, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. वीज जाऊन लगेच आली तर तीन ते पाच मिनिटे थांबूनच यंत्र चालू झाले पाहिजे. नळ्यांतील दाब समान होण्यास तेवढा अवधी लागतो. स्टॅबिलायझरमध्ये ही विलंबाची सोय असते.

वीज गेल्यावर

सन १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांचा प्रवास करून ते पोहोचले, तेव्हा सुमारे शंभर टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला. उष्णतेला अडविणारे वेष्टण आणि न उघडलेले दार, एवढ्या दोनच गोष्टींवर तो व्यापार चालला. वीज गेलेला फ्रीज हे त्या जहाजाचेच छोटे रूप होय. त्याच्या भिंतींत भरलेला फेस उष्णतेला अडवितो. दार उघडले की ते सारे व्यर्थ जाते.

दार बंद राहिल्यास फ्रीजमधील अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते आणि गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस टिकतो, असे पुस्तकांतून सांगितलेले आढळते. हे हिशेब वऱ्हाडातील वैशाखाला जसेच्या तसे लागू करू नयेत. येथे ती मुदत आखडती धरावी, आणि ती वाढविण्याची एक साधी युक्ती करावी. फ्रीझरमध्ये जागा असेल तेथे पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, गळ्यापर्यंत न भरता, गोठवून ठेवाव्यात. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेने तेच एक किलो पाणी ८० अंशांनी तापेल. वीज जाताच अशा दोन बाटल्या खालच्या भागातील वरच्या जाळीवर ठेवल्या की दुधाला काही तास मिळतात.

याहून अवघड प्रश्न आहे तो घरी कोणी नसतानाचा. कुटुंब लग्नासाठी चार दिवस मूर्तिजापूरला गेले, दरम्यान वीज वीस तास नव्हती, मग आली. परतल्यावर फ्रीझर उघडला तर सर्व काही पूर्ववत गोठलेले दिसते. वितळून पुन्हा गोठलेल्या अन्नाच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेले नसते. यासाठी वाटीभर पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर चिंता नाही. ते तळाशी रुतलेले असेल तर मधल्या काळात बर्फ पूर्ण वितळला होता असे समजावे, आणि आतील मांस, मासे, दुधाचे पदार्थ व शिजविलेले अन्न वासाची परीक्षा न घेता टाकून द्यावे.

वासाच्या परीक्षेबद्दल येथे थोडे सविस्तर लिहिणे अगत्याचे आहे. पोषक अन्नात व अनुकूल उष्णतेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या गतीने एका जंतूचे चार तासांत चार हजारांवर जंतू होतात. परंतु ज्यांच्यामुळे अन्न आंबते वा वास मारते आणि ज्यांच्यामुळे माणूस आजारी पडतो, ते जंतू एकच असतात असे नाही. भातात वाढणाऱ्या एका जंतूचे विष भात पुन्हा उकळला तरी नष्ट होत नाही आणि त्या भाताला वास येईलच असेही नाही. घरातील काटकसरी गृहिणी हुंगून, चाखून, ‘चांगले आहे’ असे म्हणून अन्न पुन्हा वाढते, त्यात तिचा दोष नसतो. तिच्या हाती तापमापक नसतो, एवढेच.

हा तापमापक स्वस्त असून शाळेच्या प्रयोगशाळेत बहुधा उपलब्धही असतो. पेलाभर पाण्यात तो बुडवून मधल्या जाळीवर रात्रभर ठेवावा आणि सकाळी वाचावा. पारा ५ अंशांच्या आत असल्यास फ्रीज आपले काम करीत आहे. फ्रीझरमध्ये उणे १८ अंश अपेक्षित असतात. एकाच दाराच्या साध्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा तेवढा थंड असेलच असे नाही, म्हणून त्यात मासे-मटार महिनोन्‌महिने साठवू नयेत. हीच नोंद मे महिन्यात दुपारी तीन वाजता घेतली तर अनेक घरांत ५ च्या जागी १० किंवा १२ अंश आढळतील. विज्ञानाच्या शिक्षकांनी आठवीच्या विद्यार्थ्यांकडून आठवडाभर अशा नोंदी करवून घेतल्या तर त्यांना आलेखाचा धडा मिळेल आणि घरच्यांना एक गोष्ट कळेल. तापमानाची कळ वर्षभर एकाच आकड्यावर ठेवावयाची नसते. उन्हाळ्यात ती अधिक थंडीकडे आणि पौषात कमी थंडीकडे वळवावी.

आत काय, कोठे व किती दिवस

शिजविलेले अन्न वर, कच्चे मांस-मासे बंद डब्यात सर्वांत खाली, ही मांडणी पाळली तर कच्च्या मांसाचे पाणी इतर अन्नावर ठिबकत नाही. दार हा फ्रीजचा सर्वांत उष्ण भाग. तेथे लोणची, चटण्या ठेवाव्यात. दूध तेथे ठेवू नये. जाळ्यांवर कागद वा प्लॅस्टिक अंथरल्यास शोभा येते, पण थंड हवा खाली उतरू शकत नाही.

अक्षय्य तृतीयेला आमरस आणि पुरणाचे मांडे झाले की उरलेला रस पातेल्यातच आत सरकविला जातो. रस लहान, झाकणाच्या भांड्यांत भरावा व दुसऱ्या दिवशी संपवावा. शिजविलेले अन्न थंड हवामानात तीन-चार दिवस चालते असे म्हणतात. भारनियमन व उकाडा यांचा मेळ बसलेल्या काळात एक दिवस, फार तर दोन. ते खाण्यापूर्वी वाफा येईपर्यंत तापवावे व एकदाच तापवावे. शाळेत उरलेली खिचडी मुख्याध्यापकांच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वाढण्याचा मोह कितीही सद्‌हेतूचा असला तरी टाळावा.

सर्वच वस्तूंना फ्रीज मानवतो असेही नाही. अंजनगाव सुर्जीकडची केळी आत ठेवली की काळी पडतात. कांदे-बटाट्यांना कोरडी, खेळती हवा हवी. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्यात टोपलीतच चांगली राहतात. बर्फाविषयी एक गैरसमज खेड्यांतून फार आढळतो, तो असा की, गोठल्याने पाणी शुद्ध होते. गोठल्याने बहुतेक जंतू केवळ निपचित पडतात. अशुद्ध पाण्याचा बर्फ अशुद्धच असतो.

ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे, तेथे फ्रीज हे औषधाचेही कपाट असते. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते. ते दारात ठेवू नये, तसेच बर्फाच्या कप्प्याला टेकूनही ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी निकामी झालेले असते. वीज दीर्घकाळ गेल्यास वाळूत अर्धवट पुरलेला ओला माठ व त्यात कोरड्या डब्यात ठेवलेली कुपी हा आधार घेता येतो. या तुलनेत प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्यातील लसी घरगुती फ्रीजमध्ये न ठेवता बर्फाचे अस्तर असलेल्या, वरून उघडणाऱ्या शीतपेट्यांत ठेवल्या जातात. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती सांडत नाही आणि दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी अशी पेटी आपले तापमान टिकवून धरते. तिच्याजवळ लावलेल्या तक्त्यावर दिवसातून दोन वेळा तापमान लिहिले जाते. पंचायत सदस्यांनी केंद्रास भेट दिल्यावर सर्वप्रथम तो तक्ता पाहावा. त्यात रविवारचे रकाने भरलेले आहेत काय, यावरून पुष्कळ काही समजते.

बर्फ, तळाचे ताट आणि जुने कपाट

साध्या फ्रीजमधील बर्फाचा थर करंगळीच्या अर्ध्या जाडीचा झाला की यंत्र बंद करून तो वितळू द्यावा. घाई असल्यास आत कोमट पाण्याचे भांडे ठेवावे. सुरीने किंवा उलथन्याने बर्फ खरवडणे धोक्याचे आहे. त्या पत्र्याआड शीतकारक वायूच्या नळ्या असतात. पूर्वीच्या फ्रीजमध्ये वातावरणातील ओझोनच्या थराला घातक असा वायू असे. १९८७ च्या माँट्रिअल करारात भारत १९९२ साली सामील झाला आणि पुढे तो वायू टप्प्याटप्प्याने बंद झाला. आजच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला अपाय करीत नाही, परंतु स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे पेट घेतो. त्याचे प्रमाण साधारणपणे शंभर ग्रॅमच्या आतच असते. तरीही नळी फुटल्याचा फुसफुस आवाज आला तर कोणतेही बटण न दाबता खिडक्या उघडाव्यात, शेगडी व देवघरातील दिवा मालवावा आणि खोलीबाहेर जावे. मागच्या बाजूस पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचे चित्र असेल तर दुरुस्ती त्या वायूचे शिक्षण घेतलेल्या कारागिराकडूनच करवावी.

दाराची रबरी पट्टी सैल झाली आहे काय, हे पाहण्यासाठी दारात वर्तमानपत्राचा कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर तेथून थंडी दिवसभर निसटत आहे. पावसाळ्यात या पट्टीच्या घड्यांत काळी बुरशी धरते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून फडक्याने ती पुसावी.

अनेक फ्रीजच्या मागे, तळाशी, वितळलेले पाणी साचविणारे एक ताट असते. ते ताट कित्येकांनी फ्रीज घेतल्यापासून पाहिलेले नसते, डासांनी मात्र ते पाहिलेले असते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस ते ताट व कूलरची टाकी रिकामी करून कोरडी केली की हे चक्र तुटते. गावात कोरडा दिवस पाळताना आशा सेविका रांजण, टायर व कुंड्या पाहतात. फ्रीजमागे डोकावण्यास त्यांनाही संकोच वाटतो. घरधन्यानेच फ्रीज पुढे ओढून दाखवावा.

निकामी झालेला फ्रीज गोठ्यात धान्य ठेवण्यासाठी किंवा अंगणात तसाच टाकून दिलेला दिसतो. लपंडाव खेळणारी मुले त्यात शिरतात. दार घट्ट बसते, आत हवा मोजकीच असते आणि मुलाचा आवाज बाहेर येत नाही. अशा दुर्घटना वारंवार घडल्यामुळे अमेरिकेने १९५६ साली कायदा करून आतून उघडता येईल असेच दार फ्रीजला बसविणे बंधनकारक केले. आजची चुंबकीय पट्टीची दारे ढकलून उघडतात हे खरे, पण चार वर्षांच्या भेदरलेल्या मुलाच्या ताकदीवर तो भरवसा ठेवता येत नाही. फ्रीज वापरातून काढला त्याच दिवशी बिजागऱ्या खोलून दार वेगळे करावे. तो भंगारवाल्यास देऊन नळ्या कापू देणे योग्य नाही. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार अशी यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे जावयास हवीत. तालुक्याच्या गावी ती सोय नसल्यास नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा जुनी यंत्रे एकत्र गोळा करून पाठविण्याची व्यवस्था करावी. तोपर्यंत दार काढलेले कपाट भिंतीकडे तोंड करून ठेवावे.